पाणी जाते कुठी?

किल्ली अर्धी फिरवून बाबा थांबत. डॅशबोर्डवर तीन लाल दिवे लागत: तेलाची किटली, बॅटरी आणि हँडब्रेकचं गोल चिन्ह. चष्मा कपाळावर सरकवून ते दिवे मोजत, मान हलवत आणि मगच स्टार्टर मारत. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या माणसाला हजेरीशिवाय तास सुरू करता येत नसे. "जो आता हजर म्हणत नाही, तो नडीच्या वेळी ओरडणार कसा?" असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते मास्तरकीचं खूळ वाटायचं. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो, म्हणून किटली लागलीच पाहिजे. लागली नाही तर बल्ब तरी गेलाय नाहीतर वायर सुटलीय, आणि पुढे रस्त्यात तेल संपलं तरी ती मुकीच राहणार. खुळातलं हे शहाणपण मला फार उशिरा उमगलं.

तर ही आमची मारुती. १९९६ची, पांढरी, एसीवाली, एमएच-२९. "मारुती ब्रह्मचारी, आन् तुम्ही त्याले ती म्हणता," असं आई पहिल्या दिवशी म्हणाली होती. नारळ फोडून झाल्यावर तिनेच चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून तीही "गाडी पुसली का तिची?" असं विचारू लागली. १९८३च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली. आमच्या गल्लीत मारुती यायला त्यानंतर तेरा वर्षं लागली. तोवर यवतमाळात गाडी म्हणजे साहेबाची अँबॅसडर, नाहीतर सवारी भरून दारव्हा-दिग्रसला धावणारी जीप. त्यांच्यापुढे ही म्हणजे मोठ्यांच्या पंगतीत बसवलेलं लेकरू. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. चिखलात रुतली की चार पोरं तिला उचलूनच बाजूला ठेवत.

स्वभावाने गरीब. डिसेंबरच्या थंडीत चोक ओढला की खोकत खोकत उठायची, पण उठायची. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर चाकांना किलो किलोभर माती चिकटली तरी कुरकुर नाही. तिचं सगळं बिनसायचं ते चैत्रानंतर. पळस फुलून गेला, सागाची पानं झडून रान उघडं पडलं आणि वावरात नुसती पऱ्हाटीची खुंटं उरली, की आमच्या मारुतीचा काटा जागा सोडू लागे.

या काट्याबद्दल जरा सांगायला हवं. एरवी त्याची बैठक ठरलेली होती, मधल्या रेघेच्या केसभर खाली. थंड इंजिनापासून तिथपर्यंत यायला आमच्या घरापासून बस स्टँडपर्यंतचं अंतर पुरायचं. एकदा तिथे बसला की तो मारवाड्याच्या गादीवरल्या मुनिमासारखा हलायचा नाही. त्याला हललेला पाहिला की बाबांचं बोलणं थांबायचं. एसी बंद, काचा खाली, आणि भर मे महिन्यात हीटर सुरू. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत पायांवर गरम वाफा, आणि मागच्या सीटवर आई दुपट्ट्याने तोंड झाकून म्हणतेय, "हिच्या तापापायी आपल्याले लू लागन." पण हीटर म्हणजे तरी काय, इंजिनचं गरम पाणी फिरवणारा दुसरा छोटा रेडिएटरच. त्या सोसलेल्या गरमीने काटा खरोखर दोन केस खाली यायचा.

आमचे मिस्त्री आर्णी रोडला बसतात. त्यांची एक गोष्ट मला वैद्यासारखी वाटते. गाडी तापते म्हणून नेली की ते आधी बॉनेट उघडत नाहीत. फडक्याने हात पुसत पुसत विचारतात, "ताई, हे उभ्यानं तापते का पयतानी?"

पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नव्हता. उभ्याने म्हणजे सिग्नलला, फाटकाला, लग्नाच्या वरातीमागे. तिथे तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागताच निवत असेल, तर दोष पंख्याचा. धावत्या गाडीला रेडिएटरवर वारं फुकट मिळतं, उभ्या गाडीला ते पंख्याने पुरवायचं असतं. मारुतीचा पंखा विजेवर चालतो. पाणी ठरावीक तापलं की एक छोटा स्विच त्याला उठवतो आणि निवलं की झोपवतो. २००३च्या उन्हाळ्यात हाच स्विच मेला होता. मिस्त्रींनी तो बदलला. शेजारच्या काकांच्या मारुतीत मात्र कोणीतरी पंखा डायरेक्ट करून दिला होता. किल्ली लावली की पंखा सुरू, जानेवारीतही. काका खूश. पुढे त्यांचा पंखा जळाला आणि ते भर लग्नसराईत अडकले, पण तो त्यांचा विषय.

आणि पळताना तापत असेल, म्हणजे उभी राहिली की निवते आणि साठच्या वर गेली की चढते, तर पाणी फिरत नाही, रेडिएटर चोक झालाय. उभ्यानेही आणि पळतानाही, सुरू केल्यावर दहा मिनिटांत तापत असेल तर वाल किंवा पंप. मिस्त्री थर्मोस्टॅटला वाल म्हणतात, आणि त्यांच्या आधीच्या पिढीतले बहुतेक मिस्त्री तो काढून नालीत फेकत. "आपल्या इकडे याचं काय काम? हे थंड्या मुलकाचं." पण वाल नसला की पाणी सारखं फिरतं, थंडीत इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही आणि पेट्रोल उगाच जळतं. आमच्या मिस्त्रींनी वाल काढला, पण फेकला नाही. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घरी पातेल्यात उकळून पाह्यजा. दोऱ्यानं लटकवजा, बुडाले टेकू देजा नका."

चहाच्या पातेल्यात मी तो दोऱ्याने सोडला. पितळेची जरा मोठी बटनासारखी चकती, मध्ये एक गोळी, त्या गोळीत मेण. पाणी कोमट झालं, बुडबुडे धरू लागले, वाफ आली, तरी चकती घट्ट मिटलेली. ऐंशीच्या पुढे कुठेतरी मेण वितळून फुगतं आणि चकतीला ढकलतं. आमचं पाणी खळखळून उकळलं तेव्हा ती अर्ध्या नखाएवढी उघडली आणि तिथेच अडली. आई मागे येऊन उभी होती. म्हणाली, "अर्धीच उघडली. बिचारीले बोलता येत नाही." त्या पातेल्यात पुन्हा चहा करायचा नाही, हेही तिने त्याच दमात सांगितलं.

बॅटरीच्या दिव्याची गोष्ट थोडक्यात सांगते. एकदा कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाताना तो लागला आणि पाचच मिनिटांत काटाही चढू लागला. मला वाटलं, दोन दुखणी एकदम आली. बाबांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि आत बोट दाखवलं. पट्टा तुटून खाली लोंबत होता. मारुतीत एकच पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो आणि पाण्याचा पंपही. दिवा लागल्यावर बॅटरीचं दुखणं समजून तशीच पुढे हाकली असती, तर इंजिन गेलं असतं. तेव्हापासून डिकीत एक जादा पट्टा असतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. वर्तमानपत्र पिवळं पडलं की बाबा बदलायचे.

गाडीचं पाणी पिणं बाबांना कधी लाजिरवाणं वाटलं नाही. त्यांचं लहानपण दारव्ह्याचं. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला येणाऱ्या शकुंतला आगगाडीच्या आवाजावर त्यांच्या घरची घड्याळं लागत. त्या अरुंद रुळांवर १९९४पर्यंत वाफेचंच इंजिन धावत होतं, आणि ते वाटेत थांबून पाणी पीत असे तेव्हा पोरं खाली उतरून करवंदं शोधत. मारुतीच्या डिकीतली पाण्याची कॅन बाबांच्या हिशेबी त्याच इंजिनाची नात. "इंजिन पाणी पेणारच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीही ते तसंच उचललं, आणि तिथेच चुकले.

२०१८चा उन्हाळा यवतमाळच्या कोणाला विसरता येणार नाही. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली. नळ आठवडे आठवडे कोरडे. पहाटे टँकरचा हॉर्न वाजला की सारी गल्ली गुंड-बादल्या घेऊन धावायची. आमच्या घरी पाण्याच्या तीन जाती झाल्या होत्या: पिण्याचं, वापरायचं, आणि भांडी धुतलेलं जे तुळशीला जायचं. या सगळ्यांत मारुतीला दर रविवारी अर्धी बाटली लागायची. जानेवारीत पाव लागे, मार्चमध्ये अर्धी झाली. शेजारच्या बोअरचं पाणी द्यायचे मी तिला. आईच्या हंड्याच्या तळाला त्या पाण्याचा पांढरा थर बसायचा, खिळ्याने खरवडला तरी निघायचा नाही. तेच पाणी मी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ओतत होते. गाडीखाली कधी थेंब सांडलेला दिसला नाही म्हणून निर्धास्त होते. उलट मला ती समजूतदार वाटायची. सगळं शहर तहानलेलं, हिलाही तहान.

मे महिन्यात पुसदला लग्न होतं. मी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आई आणि मावशी. दिग्रसपर्यंत काटा जागेवर. पुसद डोंगरांच्या कुशीत आहे, कुठूनही गेलं तरी शेवटी चढ लागतोच. चढ लागला तसा काटा उठला. एसी बंद केला, हीटर लावला. काटा लाल पट्टीच्या जवळ गेला, तिथे थोडा रेंगाळला, आणि मग सावकाश खाली यायला लागला.

"बसला खाली," मी म्हणाले. मला सुटल्यासारखं झालं. मावशी मागून म्हणाली, "कांदा ठेवला होता ना मी पर्समध्ये, त्याचाच गुण."

काटा पार थंडाच्या रेघेजवळ गेला. चढावर, दुपारी दोनला, हीटर लावलेल्या गाडीत, आणि हीटरमधून येणारं वारंही आता गार लागत होतं. एवढं झाल्यावर मला कळायला हवं होतं. काटा म्हणजे इंजिनच्या पाण्यात बुडालेल्या एका छोट्या मण्याचा निरोप. मणी पाण्यात असेल तोवर निरोप खरा. पाणीच संपलं तर मणी रिकाम्या हवेत लटकतो आणि सगळं आलबेल आहे म्हणून सांगतो. इंजिन आत भाजत होतं आणि काटा मला थंड दिसत होता. आवाज मात्र बदलला होता. चढावर पाय दाबला की डब्यात खडे हलवावेत तसा टकटक आवाज, आणि तव्यावर विसरलेल्या फडक्यासारखा वास. तो मी बाहेरचा समजले, कोणीतरी धुऱ्यावर काडीकचरा जाळत असेल म्हणून.

आणि किटली लुकलुकली. लागली, विझली, लागली.

"थांब," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. वर्गातही चढवत नसत म्हणे. मी पाय काढला, गाडी डाव्या अंगाला घेतली, इंजिन बंद केलं. त्या भट्टीत तेल पाण्यासारखं पातळ होऊन त्याचा दाब पडला होता. आणखी दोन किलोमीटर गेले असते तर तीनही सिलिंडर धरले असते, हे मिस्त्रींनी मागाहून सांगितलं.

रस्त्याकडेला सावलीला एक बाभूळ, तिचीही सावली चाळणीसारखी. खालच्या वावरातून एक म्हातारे गृहस्थ पाच लिटरची कॅन घेऊन वर आले. त्या उन्हाळ्यात अनोळखी गाडीसाठी कोणी पाच लिटर पाणी चढावर वाहून आणतं, याचा विचार मी पुष्कळ वेळा केलाय. "टाकू का?" ते म्हणाले. बाबांनी हात जोडले. "आता नको भाऊ. तापल्यावर टाकलं तर हेड तडकन." मग दोघं बाभळीखाली बसले, कॅनमधलं घोट घोट पाणी प्यायले आणि कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिले. मारुती तासभर तशीच तापून उभी, बॉनेटवर हवा थरथरत होती.

तासाने बाबांनी ओला दुपट्टा टोपणावर टाकला आणि ते हळूच फिरवलं. मी दोन पावलं मागे सरले होते. तापलेल्या रेडिएटरचं टोपण म्हणजे कुकरचं झाकणच. त्यावर ०.९ असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या दाबाखाली पाणी शंभरला उकळत नाही, एकशे अठरा-एकोणीसपर्यंत टिकून राहतं, आणि घाईने उघडणाऱ्याच्या तोंडावर उडतं. आमचं टोपण निघालं आणि सूं झालंच नाही. आत डोकावलं तर कोरडं. साडेतीन-पावणेचार लिटरच्या त्या पोटात तीन लिटर पाणी गेलं. इंजिन सुरू करताच नरसाळ्यातून बुडबुडे वर येऊ लागले, हापशी कोरडी पडत आली की येतात तसे.

लग्नाला आम्ही ट्रॅक्टरला बांधून पोचलो. मांडवातल्या पोरांनी बँडवाल्यांना खूण केली आणि त्यांनी आमच्यासाठी एक फेरी वाजवली. आई त्यांच्याकडे वळूनसुद्धा न पाहता उतरली.

टेम्पोत घालून मारुती यवतमाळला आणली. मिस्त्रींनी तेलाचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साय, रात्रभर राहिलेल्या चहावर धरते तशी. तेलात पाणी गेलं होतं. हेड उतरवलं तेव्हा गॅसकेट एका जागी जळून बोटाच्या पेराएवढी काळी झालेली. तिथूनच पाणी सिलिंडरमध्ये जात होतं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून उडत होतं, जानेवारीपासून, दर आठवड्याला पाव बाटली, मग अर्धी. रेडिएटरवाल्याने वरची टाकी डाग काढून सोडवली तर नळ्यांची तोंडं चुन्याने लिंपल्यासारखी. त्याने एकेका नळीतून पोलादी पट्टी घातली, आणि पांढऱ्या भुकटीचा वाटीभर ढीग खाली सांडला. आईच्या हंड्यातलाच थर तो. हेड वाकलं होतं म्हणून लेथवर फेस करून आणलं. मिस्त्रींनी त्यावर पट्टी उभी ठेवली, पलीकडून बॅटरीचा उजेड मारला, उजेड आरपार येत नाही हे मला दाखवलं, आणि मगच बसवलं.

मग फडक्याने हात पुसत म्हणाले, "ताई, एक इचारतो, राग मानजा नका. दर हप्त्याले पाणी टाकत होते ना तुमी? मंग ते पाणी जाते कुठी, हे नाई इचारलं काय कोनाले?"

मी काय सांगणार? खाली सांडलं नाही म्हणून गेलंच नाही, असं मी धरून चालले होते. त्या उन्हाळ्यात निळोण्याच्या काठावर उभं राहूनही आम्ही सगळे साधारण असंच बोलत होतो.

आता तिच्यात हिरवं कूलंट असतं, बॅटरीच्या पाण्यात मिसळलेलं. नवं टोपण आहे, नवा वाल आहे. मारुती ८०० बंद झाली २०१४ला, पण तेच इंजिन ओम्नीत आणखी पाच वर्षं येत राहिलं, त्यामुळे सामान अजून मिळतं. मी दर रविवारी पाणी टाकत नाही, पाणी पाहते. प्लॅस्टिकच्या डब्यावर खडूने रेघ मारली आहे. दोन रविवार ती उतरलेली दिसली तर थेट आर्णी रोड.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला ते थंडीवर ढकलत राहतात. गाडी मीच चालवते, ते शेजारी बसतात. मी किल्ली अर्धी फिरवते आणि थांबते, कारण न थांबता पुढे गेलं तर ते हात पुढे करतात.

"किती?"

"तीन."

परवा दारासमोरच्या उतारावरून निघत होतो. "किती?" त्यांनी विचारलं.

"दोन. किटली आणि बॅटरी."

"मंग आधी हँडब्रेक ओढ," बाबा म्हणाले, "गाडी मागं चालली."